आम्ही भुरी भावंडं

डॉक्टर मॅडमनी ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला तेव्हा मी आधी मागं वळून बघितलं. वाटलं, दारात दुसरं कोणी उभं असेल आणि त्या त्याच्याशी बोलत असतील. मागं कोणी नव्हतं. पडदा होता, तो पंख्यानं हलत होता.

“मेरेकू?” मी विचारलं.

“हां अम्मा, आपको.”

शेजारी माझे मालक बसले होते. ते मॅडमला म्हणाले, “पन तिले दुखत तर नाई. नुसती खपली हाय.” बाई तेलुगू बोलणाऱ्या, मराठी त्यांना येत नव्हती, तरी त्यांना ते कळलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, दुखत नाही म्हणूनच लोक उशिरा येतात.

त्यापुढं त्या बरंच बोलल्या. मला त्यातलं काही आठवत नाही. माझं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं होतं. झाकण नीट बसलेलं नव्हतं. मी ते बसवलं. कॅन्सर झालाय हे कळल्यावर मी केलेलं पहिलं काम ते.

*

मी तेलंगणातल्या आदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, भाजी विकते. गावाच्या कडेला आमचं थोडं वावर आहे, त्यात वांगी, मिरची, सांबार लावतो. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाजारात मला नावानं कोणी ओळखत नाही. ‘भुरी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. माझे केस जन्मापासून पांढरे, भुवया पांढऱ्या, कातडी इतकी गोरी की खालच्या शिरा दिसतात. उजेडात डोळे उघडत नाहीत, आणि उघडले तरी बुबुळं सारखी हलत राहतात. शाळेत मला फळा दिसायचा नाही. मायनं मला बासरला सरस्वतीदेवीपुढं नेऊन पाटीवर अक्षर गिरवून आणलं होतं, तरी दिसलं नाही, आणि शाळा सुटली.

माझा मोठा भाऊ, परसादादा, तोही असाच. तामसीकडच्या आमच्या गावात आम्ही दोघंच असे. माय-बाबा दोघंही सावळे. आम्ही बाजूनं गेलो की पोरं ‘इंग्रज आले, इंग्रज आले’ म्हणून ओरडायची. दादा त्यांच्यामागं दगड घेऊन धावायचा. त्याचं लग्न जमलं नाही. मुली बघायला गेलं की लोक चहा पाजून परत पाठवायचे. माझं जमलं, कारण माझ्या मालकांनी मला बाजारात बघितलं होतं आणि ते घरच्यांशी भांडले. आमच्या दोन्ही मुली त्यांच्यासारख्या सावळ्या झाल्या.

आमचं अंग उन्हात लाल व्हायचं, सोलून निघायचं, फोड यायचे. माय रात्री लोणी लावायची. सकाळी परत वावरात. निंदण, कापसाची वेचणी, वाकून करायची सगळी कामं. आपलं अंग नाजूक आहे एवढंच आम्हाला माहीत होतं. यापलीकडं काही असेल असं कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

*

मानेच्या मागं, अंबाड्याच्या खाली, एक खरखरीत डाग होता. मला तो दिसायचा नाही, बोटाला लागायचा. खपली धरायची, निघायची, परत धरायची. एक दिवस बाजारातून आले तर मालक म्हणाले, “अवं, तुह्या पोलक्याले मागून रक्त लागलं.”

“केसतोड असंल,” मी म्हटलं.

मेडिकलमधून मलम आणलं. बरं वाटल्यासारखं झालं, मग परत रक्त. दुसरं मलम आणलं. पावसाळा गेला, वेचणी सुरू झाली, आणि त्या जागी वाटाण्याएवढी टणक गाठ झाली. मालकांनीच मग हात धरून सरकारी दवाखान्यात नेलं. मॅडमनी भूल देऊन तुकडा काढला, तपासायला पाठवला. तुकडा काढताना मी त्यांच्याशी मिरचीच्या भावाबद्दल बोलत होते. इतकी मी निर्धास्त होते.

*

निकाल सांगितल्यावर मॅडमनी माझी जणू परीक्षाच घेतली. लहानशी पट्टी लावून गाठ मोजली. हलते का, हाडाला चिकटली का, ते बोटांनी बघितलं. किती महिन्यांत वाढली? मुंग्या येतात का? तो भाग बधिर वाटतो का? शुगर आहे का? किडनी बदललेली आहे का, रोगाशी लढायची ताकद कमी करणाऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का? कुठं जुनी भाजल्याची खूण? मी एकेक ‘नाही’ म्हणत गेले आणि मला थोडं बरं वाटायला लागलं. वाटलं, पास होऊन राहिले मी.

नंतर त्यांनी माझ्या गळ्याभोवती, कानाखाली, हनुवटीखाली बोटं दाबत नेली. सावकाश. कुठं थांबल्या नाहीत.

“अच्छा है,” म्हणाल्या. मग माझ्या केसांना हात लावून विचारलं, “ये बचपन से?”

“हो. जन्मापासून.”

तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की याला नाव आहे. अल्बिनिझम. कातडीला रंग देणारी वस्तू शरीरात तयारच होत नाही. तोच रंग माणसाला उन्हापासून वाचवतो. तुमच्याकडं तो नाही, आणि तुम्ही सगळं आयुष्य उन्हात काढलंत. हा कातडीचा कॅन्सर बऱ्याच लोकांना होतो, तुमच्यासारख्यांना तर फार लवकर होतो. गाठ लहान आहे, वरवर आहे, गळ्यात पसरलेली वाटत नाही, म्हणून तिच्यात धोका कमी. पण तुमच्या अंगात धोका जास्त. ही काढली तरी दुसरी येऊ शकते.

मी चाळिशी ओलांडलेली बाई. पाठीवर, हातांवर, चेहऱ्यावर, सगळीकडं मीच. गाठ कापून टाकता येते. स्वतःच्या कातडीपासून लांब कुठं जायचं?

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. “घरमें आपके जैसा और कोई है?”

“दादा,” मी म्हटलं. आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर मी मालकांकडं फोन मागितला.

*

फोनवर दादा म्हणाला, “मले काई नाई झालं. तू तुह्यं पाह्य.”

“एकदा दाखवून तर घे.”

“वेचणी चालू हाय. मजूर भेटत नाईत. तुह्यं ऑपरेशन झालं की येतो मायले घेऊन.”

ऑपरेशन हैदराबादला झालं, सरकारी योजनेच्या कार्डावर. वॉर्डात सगळं तेलुगू. बाजारामुळं मला तेलुगू समजतं, पण तिथं सगळे शब्द मला नवीन वाटत होते. मला पालथं झोपवून मान बधिर केली. दुखलं नाही, पण कापतानाचा आवाज आला, जाड कापड कापल्यासारखा. मी थरथरायला लागले. एका नर्सनं खाली बसून, माझ्या तोंडासमोर तोंड आणून, “भयपडकंडि अम्मा” असं म्हणत माझा अंगठा धरून ठेवला. घाबरू नका, एवढंच ती परत परत म्हणत होती. तिचं तोंड मास्कखाली होतं. कुठं भेटली तर मी तिला ओळखणार नाही.

मांडीची कातडी काढून मानेला लावली. मान कमी आणि मांडी जास्त दुखली. ड्रेसिंगच्या खोलीत रोज रांग असायची. गाल गेलेले, ओठ गेलेले, डोळ्यावर पट्टी असलेले लोक. त्या खोलीला एक वास होता. औषधाच्या वासाखाली दुसरा, गोडसर, कुजका. मी पदर नाकाला लावून बसायची आणि मनात म्हणायची, आपण लवकर आलो.

रिपोर्ट चांगला आला. कडा स्वच्छ, खोलवर काही नाही, नसांत काही नाही. मालकांनी तो रिपोर्ट तीन जणांकडून वाचून घेतला.

*

मी घरी आल्यावर दादा आणि माय तामसीच्या बसनं मला बघायला आले. दुपार होती. मायनं माझी मान बघितली आणि तोंडाला पदर लावला. दादा खुर्चीवर बसला. त्यानं डोक्याला दुपट्टा बांधला होता, दोन्ही कान झाकून. तो उन्हामुळं नेहमीच बांधायचा, त्यामुळं त्यात नवल नव्हतं.

मी त्याला पाणी द्यायला वाकले आणि मला तो वास आला.

ड्रेसिंगच्या खोलीतला. तोच. मी तांब्या खाली ठेवला.

“दादा, दुपट्टा काढ.”

“काऊन?”

“काढ म्हणते ना.”

“आता बसलो नाई तं सुरू झालं हिचं. मायले च्या दे आधी.”

“मी तुह्या पाया पडतो दादा, काढ.” आमच्याकडं बाया रागात किंवा रडवेल्या झाल्या की अशा पुरुषासारखं बोलून जातात.

त्यानं मायकडं बघितलं, मग माझ्या मालकांकडं. मग हळूहळू दुपट्टा सोडला. शेवटचा वेढा चिकटला होता. तो त्यानं पाणी लावून सुटा केला.

उजव्या कानाचा वरचा भाग नव्हता. उंदरानं कुरतडल्यासारखी कडा होती, लाल, ओली, आणि खाली कानामागं पसरलेली. त्यानं त्यात हळद भरली होती.

मालक उठून अंगणात गेले. माय नुसती बघत राहिली. तिच्याच घरात, तिच्याच ताटात रोज जेवणाऱ्या पोराचा कान तिनं कधीपासून बघितला नव्हता.

“मले सांगतलं नाई रे,” ती म्हणाली. ओरडून नाही. अगदी हळू.

“कापूस निघाल्यावर दाखवनार होतो,” दादा म्हणाला. “हिचं झालं ते आयकून मंग मले भेव वाटलं. म्हनून नाई आलो.”

*

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही मॅडमसमोर होतो. मला विचारलेले तेच प्रश्न त्यांनी दादाला विचारले, पण आता मला प्रत्येक प्रश्नाचा अर्थ कळत होता, आणि तेच वाईट होतं. किती मोठं? पट्टी पुरली नाही. कुठं? कानावर. कानाची जागा वाईट, तिथं कातडीखाली लगेच कूर्चा. किती वेगानं वाढलं? या वेचणीत. बधिर वाटतं का? हो, कानामागं, गालापर्यंत. दादा खरंखरं सांगत होता आणि मला वाटत होतं, थोडं खोटं बोल रे.

मग त्यांची बोटं त्याच्या गळ्यावर फिरली. कानाखाली आली. थांबली. पुढं गेली आणि परत तिथंच आली.

मी डोळे मिटले.

मॅडमनी सगळं स्पष्ट सांगितलं. कान काढावा लागेल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, नंतर बहुतेक शेक द्यावा लागेल, म्हणजे रेडिएशन. बाबांचं आणि मायचं लग्न नात्यातलं का, हेही त्यांनी विचारलं. माय बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. बाबा आता नाहीत.

मायला वाटलं, आता दोष आपल्यावर येणार. ती खुर्चीतून उठून उभीच राहिली. मला म्हणाली, “सांग तिले. परसा पोटात होता तवा गिरान लागलं होतं. मी भायेर आली होती. कापलं बी होतं इळ्यानं. सासूनं हटकलं होतं मले.”

मी ते हिंदीत सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ग्रहणाचा काही संबंध नाही. अर्धा दोष आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून, आणि तो दोघांच्याही अंगात दिसत नाही. दोन्ही अर्धे एका मुलात एकत्र आले की असं होतं. यात तुमचं काही चुकलेलं नाही.

मी मायला मराठीत सांगितलं. तिनं पहिल्यांदा ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा सांगितलं.

“म्हंजे तुह्या बाबाकडून बी?”

“हो माय. अर्धं अर्धं.”

ती खाली बसली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “तुही आजी मरेपर्यंत मले बोलली. मरेपर्यंत.” पोराचा कान जाणार हे ऐकण्याच्या त्याच खोलीत तिच्या डोक्यावरून एवढं मोठं ओझं उतरलं. आम्ही कोणाकडं बघावं ते कळेना.

*

दादा ऑपरेशनला तयार नव्हता. “भुऱ्या तं म्हनतच होते, आता बिनकान्या म्हनतील. नाई जमत मले.” तो गावी निघून गेला. मी रोज फोन करायची, तो रोज कट करायचा. माझी मान अजून वळत नव्हती, मुलींचं खाणंपिणं, वावर, बाजार, सगळं मालकांच्या एकट्याच्या अंगावर. एक दिवस ते चिडले. “आपलंच अजून निपटलं नाई, त्यात आता त्याचं कोन करंल?” ते चूक बोलत नव्हते.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात न जाता तेच तामसीची बस धरून गेले. काय बोलले मला माहीत नाही. संध्याकाळी दादाला घेऊन आले. माय पिशवी भरून मागून. नंतर दादानं मला सांगितलं, “तुहा नवरा काईच बोलला नाई. माह्या बाजूले बसून राह्यला. मी वावरात गेलो तं वावरात आला. जेवला बी नाई. शेवटी मीच म्हनलो, चाल बावा.”

हैदराबादला दादाजवळ तेच राहिले. दोघं आधी फार बोलायचे नाहीत. ऑपरेशननंतर दादाला तोंड उघडता यायचं नाही तर हे चमच्यानं जावा, म्हणजे पातळ पेज, भरवायचे. शेकाच्या दिवसांत त्याच्या गळ्याची कातडी जळाली, तोंडाची चव गेली, वजन उतरलं. तो म्हणायचा, सोडून देतो. हे म्हणायचे, उद्या सोडू. रोज उद्या. असं करत शेक संपला.

मानेतल्या एका गाठीत कॅन्सर सापडला होता. बाकीच्या साफ होत्या. डॉक्टर ‘बरा झाला’ असं म्हणत नाहीत, ‘सध्या काही नाही’ असं म्हणतात. दर काही महिन्यांनी आम्ही दोघं सोबत जातो. आधी मला तपासतात, मग त्याला. बोटं गळ्यावरून फिरतात तेव्हा आम्ही दोघंही श्वास धरतो. मला कपाळावर आणि हातावर नवीन डाग निघाले होते, ते मॅडमनी थंड वाफेनं जाळले. लहान होते तेव्हाच.

हे सगळं मी सांगते आहे ते आमच्यासारख्यांसाठी. तुमच्या घरात, गल्लीत, गावात कोणी पांढऱ्या केसांचं, गोरं, उजेडात डोळे मिटणारं असेल, तर त्याला चिडवू नका आणि त्याची पूजाही करू नका. त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या, रुंद काठाची टोपी द्या, दुपारचं सावलीत बसू द्या, आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवा. मान, कान, ओठ, या त्याला स्वतःला न दिसणाऱ्या जागा तुम्ही बघा. रंग असलेल्यांनीही बघावं. बरी न होणारी खपली म्हणजे नुसती खपली नव्हे. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर, असं मनात येतं, पण सांगणार कोण? आमच्यात कोणाला माहीतच नव्हतं.

*

दादानं वावर बटाईनं दिलं. त्याला ते फार लागलं. महिनाभर तो माझ्या घरी भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. मग एका सकाळी उठून म्हणाला, “बाजारात येऊ का?”

आता तो माझ्या शेजारी बसतो. आमच्या गाळ्यावर पत्रा आहे, समोरून मालकांनी हिरवी जाळी लावून दिली. तो वजन करतो, मी हिशोब करते. काटा त्याला जवळ घेऊन बघावा लागतो. मोठी टोपी घालतो, पण कान झाकत नाही. मीच एकदा म्हटलं होतं, रुमाल बांधत जा. तो म्हणाला, झाकून झाकूनच हे झालं.

परवा एक शेतकरी आला, अंगापिंडानं धडधाकट, तामसीकडचाच. वांगी निवडता निवडता त्याची नजर दादाच्या डोक्याकडं गेली आणि तिथंच राहिली.

“काय झालं हो कानाले? कोनी तोडला का?”

“नाई,” दादा म्हणाला. “ऊन लागलं.”

तो माणूस हसायला लागला. बाजूच्या मिरचीवाल्या बाईही हसल्या. दादा हसला नाही. त्यानं वांगी काट्यावर टाकली, काटा डोळ्याजवळ नेला, वजन बघितलं, पिशवी त्या माणसाच्या हातात दिली. मग तो पुढं वाकला, टोपी काढली, आणि कान नसलेली ती बाजू त्याच्यासमोर धरली.

“हासू नको, बावा. पाह्य जवळून. खरंच ऊन लागलं.”